यवनांच्या बोटीतून चौलला

मुलाने ग्रीसची क्रूझ ठरवली होती. रात्री जहाजात झोपायचं, सकाळी उठलं की नवं बेट, नवं बंदर आणि नवे पडके खांब. मी डिसेंबरअखेर निवृत्त झालो, त्याची ती भेट. पण माझ्या पासपोर्टात वडिलांच्या नावाचं एक अक्षर चुकीचं निघालं आणि क्रूझ पुढच्या वर्षावर गेली. मुलगा हिरमुसला. मला मात्र बोटीत बसायचंच होतं. चाकणच्या कारखान्यात २४ वर्षं डिस्पॅच सांभाळलं. मी पॅक केलेला माल बोटीने कुठे कुठे गेला, पण मी स्वतः घारापुरीच्या लाँचपलीकडे कधी गेलो नव्हतो. आणि पडकी बंदरं आपल्याकडे काय कमी आहेत?

जानेवारीतल्या एका बुधवारी पहाटे साडेचारला मोशीतून गाडी काढली. बेत असा, की भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीने मांडव्याला उतरायचं आणि तिथून चौल-रेवदंडा गाठायचं. नकाशा बघितला तर हा शुद्ध द्राविडी प्राणायाम. खोपोलीहून पेणमार्गे अलिबाग सरळ आहे. आम्ही मात्र पुलावरून खाडी ओलांडून मुंबईत जाणार आणि बोटीने तीच पुन्हा ओलांडून परत येणार. बायको खोपोलीपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "अहो, आपण चाललोय कुठे? की नुसती प्रदक्षिणा घालतोय?"

बोरघाट मला फोनवरून पाठ आहे. न्हावा-शेवाला प्रत्येक बोटीची कटऑफ असते. त्या वेळेआधी कंटेनर बंदराच्या गेटातून आत गेला नाही, तर बोट त्याच्यासाठी थांबत नाही. तळेगाव चौकातली कोंडी, मग घाट. घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला की इकडे चाकणला माझं रक्त आटायचं. "कुठे पोचला?" हे दोन शब्द मी आयुष्यात किती हजार वेळा बोललो असेन! घाट खरा कसा दिसतो, दरीत उजाडतं कसं, हे त्या दिवशी निवांत पाहिलं.

अटल सेतूवर चढलो. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला हा जवळजवळ २२ किलोमीटरचा पूल. डावीकडे धुक्यात उंच क्रेनांची रांग दिसली. बायको काच खाली करून बघत राहिली. "हीच का ती?" घरात माझ्या तोंडी न्हावा-शेवाचं नाव इतकं असायचं, की तिने त्या बंदराला 'सवत' म्हणायला सुरुवात केली होती. १९८९ पासून चालू असलेली ही सवत तिने पहिल्यांदा पाहिली, आणि "चांगलीच थोराड आहे" एवढंच म्हणाली. पूल संपता संपता शिवडीच्या चिखलात रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा दिसला. पक्षी छानच होते, पण माझं लक्ष चिखलाकडे होतं. का, ते पुढे येईल.

भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, बर्फाचा चुरा आणि हातगाड्या यांतून वाट काढत बोटीच्या रॅम्पपाशी पोचलो. ही बोट ग्रीसमध्ये २०१९ साली बांधलेली. वाचलं तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ग्रीस हुकलं म्हणता येणार नाही, यवनांची बोट तर मिळाली. पोटात गाड्या आणि वर माणसं. खलाशी पोरगा हाताने "या, या, या, बस्स" करत गाड्या इतक्या चिकटवून लावत होता, की दार उघडायला वीतभर जागा उरली. हँडब्रेक ओढला, गियरमध्ये टाकली, चाकाखाली लाकडी गुटका आला. सवयीने मी विचारलं, "गाड्या बांधत नाही? लॅशिंग?" पोरगा हसला. "काका, तासाभराचा तर प्रवास!"

वरच्या डेकवर चहा घेऊन उभे राहिलो. बोटीने भोंगा दिला आणि धक्का मागे सरकला. गोदीत एक कार-कॅरियर उभं होतं, खिडक्या नसलेल्या इमारतीसारखं. चाकणच्या गाड्या यातूनच परदेशी जातात. डावीकडे घारापुरी, उजवीकडे नौदलाच्या करड्या बोटी. पुढे मोकळं पाणी लागलं तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या अलिबागच्या एका आजींनी हात जोडले. १७ जुलै १९४७ ला याच धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. आजींच्या माहेरचं कोणी होतं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी पिशवीतलं फूल पाण्यात सोडलं आणि बाकावर जाऊन बसल्या.

मांडव्याला उतरलो. अलिबागचा कुलाबा किल्ला किनाऱ्यावरूनच पाहिला, कारण भरती होती. दुपारी चौल.

चौलला बंदर शोधायला जाल तर फसाल. नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्यांचे गडगे, पाटाचं पाणी आणि सावली. समुद्र कुठेच नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाश्याच्या प्रवासपुस्तकात कल्याण, सोपारा यांच्याबरोबर याचं नाव येतं, 'सेमुल्ला'. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे 'चेमुला'चे व्यापारी आहेत. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसुदी इथे आला तेव्हा ओमान, बसरा, बगदादकडचे लोक इथे घरं करून राहिलेले होते. म्हणजे सातवाहनांची न्हावा-शेवा हीच. पैठण, तेर, जुन्नरकडचा माल घाट उतरून इथल्यासारख्या बंदरांतच यायचा. त्या काळीही कटऑफ होतीच. वारा फिरला की बोट सुटायची, आणि मग पुढच्या मोसमापर्यंत माल गोदामात.

रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करणी पाहिली. मंडपात पर्जन्य, अग्नी आणि वायू अशी तीन कुंडं आहेत, झाकलेली. पाऊस अडला की पर्जन्यकुंड उघडायचं, अशी इथली रीत. पुजाऱ्यांना विचारलं, "जुनं बंदर कुठे होतं?" ते पायरीवरच बसले होते. त्यांनी बसल्या बसल्या हनुवटीने खाडीची दिशा दाखवली. "तिकडे. आता तिवरं आहेत."

गेलो. वाट संपली तिथे खाजण, तिवरांची मुळं आणि करडा गाळ. गाळावर खेकड्यांच्या भोकांची नक्षी. मी चप्पल काढून एक पाऊल टाकलं, पाय घोट्याच्या वर गेला आणि निघेना. बायकोने दंडाला धरून ओढलं तेव्हा 'पच्च' असा आवाज आला. लढायांनी चौल हैराण झालं, मुंबईने त्याचा व्यापार ओढला, हे खरंच. पण खाडी उथळ झाली की मोठी बोट आत येत नाही, आणि बोट आली नाही की दलाल, हमाल, सराफ सगळेच उठतात. हे समजायला मला इतिहासाचं पुस्तक लागत नाही. न्हावा-शेवाला चॅनलमधला गाळ सतत उपसावा लागतो, तेव्हा कुठे बोटी लागतात.

रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट. १५०८ मध्ये इथल्या पाण्यात इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं, त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो त्यात पडला. तरी १५२१ पासून त्यांनी पाय रोवले ते १७४० मध्ये मराठ्यांकडे ठाणं येईपर्यंत. आता तटातून डांबरी रस्ता जातो आणि आत वाड्या आहेत. चर्चच्या मनोऱ्याला सातखणी म्हणतात, मोजले तर सात मजले भरत नाहीत. वर वडाची मुळं, खाली कोणाचे तरी कपडे वाळत घातलेले. समोर कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईचा डोंगर. त्याच्या पायथ्याच्या गावात काही ख्रिस्ती घरांत अजून पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली बोलतात, तिला ते 'नोलिंग' म्हणतात. माल गेला, बोटी गेल्या, ही बोली तेवढी मागे राहिली.

रेवदंड्यात शाळेच्या आवारात अफानासी निकितिन नावाच्या रशियन व्यापाऱ्याचा स्तंभ आहे. १४७० च्या आसपास तो एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून तीनेक आठवड्यांनी जुन्नरला पोचला. जुन्नरच्या खानाने घोडाच काढून घेतला आणि धर्म बदल म्हणाला. एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने तो सुटला, घोडाही परत मिळाला. निर्यातदाराचे हाल तेव्हाही असेच, हे वाचून मला बरं वाटलं.

रात्री मुक्कामाच्या घरी मालकांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. तोंड पाल्याने बंद करून मडकं उपडं आणि भोवती जाळ. शेंगांना पाल्याचा जो कडवट वास लागतो, त्याच्यासाठी पुन्हा अलिबागला जाईन.

परतताना पेण-खोपोलीचा सरळ रस्ता धरला. एकविरेला आम्ही दरवर्षी जातो, पण शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यात मी कधी मान वर करून वाचलं नव्हतं. धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी दिलेले खांब तिथे आहेत, तशी अक्षरं खांबांवरच कोरलेली आहेत. बायकोने एका खांबावर हात ठेवला. "हा यवन घाट चढून आला असेल ना?"

"चढूनच."

"आणि आपण उगाच मुंबईहून फिरून गेलो."

डिस्पॅचच्या पोरांसाठी रेवदंड्याहून सुकट घेतली होती, तिच्या वासाने गाडी भरली होती. म्हणून आधी चाकण. तळेगाव चौकात पाऊण तास गेला. कारखान्याच्या गेटवर नवा सिक्युरिटीवाला होता, मला ओळखत नव्हता. २४ वर्षं मी लोकांना गेटपास दिले, आता माझ्याकडेच गेटपास मागितला गेला. शेवटी पिशवी आत पाठवायची ठरली. त्याने इनवर्ड रजिस्टर उघडलं आणि लिहू लागला: सुकट, एक पिशवी, अंदाजे २ किलो.

"माल कुठून आला?"

"चौल बंदर," मी म्हणालो. त्याने मान खाली घालून तसंच लिहिलं.