मुका मार

डोक्याला खोक पडली की आपण धावाधाव करतो आणि टाके पडले की निर्धास्त होतो. आम्हीही झालो होतो.

2023 च्या फाल्गुनातली गोष्ट. कडब्याची ट्रॉली भरताना आमचे मालक वरून घसरले. शुद्ध गेली नाही. दवाखान्यात तीन टाके घातले, स्कॅन काढला. "फोटो स्वच्छ आहे, घरी न्या," म्हणाले. त्यांनी जास्त विचारले नाही, मीही सांगितले नाही.

घरी आल्यावर मात्र हे विचारू लागले, "म्हैस व्याली का गं?" म्हैस व्यायला आठवडा झाला होता! तासाभरात तोच प्रश्न तीनदा. उजेड सोसेना, डेअरीचा हिशेब जुळेना. एरवी यांनी हिशेबाला कधी वही उघडली नव्हती. सासूबाईंनी दृष्ट काढली. मी म्हटले, थकवा असेल. त्यात पाच दिवस गेले, हे सांगताना आजही लाज वाटते.

मग तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी फिल्म बाजूला ठेवली आणि पडल्यापासूनचे सगळे मलाच विचारले. यांना पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत म्हणायला लावले. पावलापुढे पाऊल ठेवून उभे केले. महिने उलटे म्हणायला सांगितले. इंग्रजी महिने यांना सरळसुद्धा येत नाहीत, म्हणून आपलेच घेतले. फाल्गुन, माघ, पौष... आणि गाडी अडली.

बाई म्हणाल्या, मेंदूला हादरा बसलाय, कन्कशन म्हणतात त्याला. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेले हाड दिसते; मेंदूचे विसकटलेले काम दिसत नाही. 1974 साली ग्लासगोच्या टीझडेल आणि जेनेट यांनी शुद्धी मोजण्याची पद्धत काढली. पण हादरा बसलेला माणूस तिथे 15 पैकी 15 गुणही मिळवतो. अमेरिकेत 2018 साली एका रक्तचाचणीला परवानगी मिळाली, तीही मुख्यतः स्कॅन हवा की नको एवढेच ठरवायला. तेव्हा बरेचसे निदान डॉक्टरांच्या विचारण्यावर आणि घरच्यांच्या सांगण्यावरच उभे असते.

म्हणून विचारले नाही तरी सांगा: विसरतात, चक्कर येते, चिडतात, झोप बिघडली. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या, किंवा उठवून जाग येईना, तर रात्रीच गाडी काढा.

यांना दोन दिवस विश्रांती दिली, मग हळूहळू काम. महिनाभराने हिशेब पुन्हा तोंडी जमू लागला. पडल्याचे मात्र अजून आठवत नाही. मीच रचून सांगते, म्हणतात.