पोखरलेला डोंगर

चिलीतल्या रांकाग्वा शहरापासून पूर्वेला, अँडीजच्या दिशेने साधारण ६० किलोमीटर चढत गेले की सेरो नेग्रो डोंगराच्या उतारावर सेवेल लागते. उंची २,००० मीटरच्या वर. गावात रस्ता असा नाहीच. उतार इतका खडा की तिथे चाकाचे वाहन फिरू शकले नाही. जुन्या रेल्वे स्थानकापासून एक रुंद जिना थेट वर जातो आणि त्याला दोन्ही अंगांनी फुटलेल्या पायवाटा आणि छोटे जिने याच गावाच्या गल्ल्या. लाकडी, अनेक मजली इमारती लाल, पिवळ्या, हिरव्या, निळ्या रंगांत उतारावर एकीवर एक रचल्यासारख्या उभ्या आहेत. धान्य, सरपण, आजारी माणूस, नवी नवरी, सारे या पायऱ्यांवरूनच ये-जा करी. चिलीत त्याला जिन्यांचे शहर म्हणतात.

सेवेल आपसूक वसलेले गाव नव्हे. ब्रेडन कॉपर कंपनीने १९०५ मध्ये एल तेनिएंते येथील तांब्याची खाण हाती घेतली आणि कामगारांसाठी खाणीच्या तोंडाशीच वस्ती उभारली. विल्यम ब्रेडन या अमेरिकी अभियंत्याचे नाव असलेली ही कंपनी थोड्याच वर्षांत गुगेनहाइम कुटुंबाकडे आणि पुढे केनेकॉट कंपनीकडे गेली. वस्तीला नाव मिळाले ते बार्टन सेवेल या अमेरिकी पदाधिकाऱ्याचे. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, शाळा आणि रुग्णालयही कंपनीचे. अमेरिकी अधिकाऱ्यांची घरे निराळी. कामगारांची कुटुंबे मोठ्या इमारतींतल्या अपुऱ्या जागेत, सामाईक न्हाणीघरांवर भागवत. दारूला बंदी होती. त्यामुळे बर्फातून, चोरवाटांनी दारू वर पोचवणाऱ्यांचा एक वर्गच तयार झाला. त्यांना तिथे ग्वाचुचेरो म्हणत. १९६८ मध्ये वस्ती १५,००० पर्यंत पोचली होती.

अशा गावाबद्दल मराठीत लिहू लागले की एक म्हण आडवी येते: डोंगर पोखरून उंदीर काढणे. कष्ट डोंगराएवढे आणि फळ चिमूटभर, असे घडले की ती वापरतात. लॅटिनमध्ये तिची बहीण आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या फीड्रसच्या कथेत डोंगराला प्रसूतीच्या कळा सुटतात, सारा मुलूख धास्तावून वाट पाहतो आणि जन्माला येतो उंदीर. त्याच्या आधी होरेसने मोठ्या तोंडाने सुरुवात करणाऱ्या कवींना याच उंदराची आठवण करून दिली होती. दोन्हीकडे डोंगर तोच आणि उंदीरही तोच, पण क्रियापद वेगळे. लॅटिन डोंगर स्वतः कळा सोसतो. मराठी डोंगर काहीच करत नाही. त्याला दुसरे कोणीतरी पोखरते.

आणि पोखरणे हे क्रियापदही साधे नाही. विहीर खणतात, पाया खोदतात. पोखरते ती वाळवी, घूस, किंवा लाकडातला भुंगा. खणले की खड्डा डोळ्यांना दिसतो; पोखरलेली वस्तू बाहेरून शाबूत दिसते आणि आतून पोकळ झालेली असते. म्हणजे म्हणीतला माणूस मुळात उंदराच्याच कामाला लागलेला आहे आणि एवढे करून त्याच्या हाती लागतो तो त्याचाच भाऊबंद. म्हण रचणाऱ्याच्या मनात हे होते की नाही, ते ठरवण्याचा मार्ग नाही. पण एकदा दिसले की ते नजरेआड करता येत नाही.

एल तेनिएंतेतले काम या क्रियापदाला चांगलेच लागू पडते. तिथे खनिजाच्या खडकाचा खालचा आधार कापून काढतात. वरचा खडक स्वतःच्या वजनाने ढासळतो, फुटतो आणि खालच्या बोगद्यांतून तो ओढून घेतला जातो. मात्र डोंगर बाहेरून शाबूत राहत नाही. ढासळण्याचा परिणाम माथ्यापर्यंत पोचतो आणि तिथे प्रचंड खळगा पडतो. तेवढ्यापुरती म्हण अपुरी ठरते. भूगर्भाची रचना आणखी विलक्षण आहे. खाणीच्या मधोमध प्राचीन स्फोटक उद्रेकातून झालेला, फुटक्या खडकांनी भरलेला एक अजस्र खांब आहे. भूवैज्ञानिक त्याला ब्रेडन पाइप म्हणतात. त्यात काढण्याजोगे तांबे जवळजवळ नाही. तांबे आहे ते त्याच्याभोवती, कड्यासारखे. त्या कड्यातही आज शंभर टन खडकामागे तांबे भरते ते एक टनाहून कमी.

हिशेब उंदराच्या मापाचाच झाला. पण उरलेल्या नव्व्याण्णव टनांचे काय होते, हे म्हण विचारत नाही. ते दळले जातात आणि गाळ होऊन पाण्याबरोबर खाली उतरतात. बिळाच्या तोंडाशी पडलेल्या मातीकडे म्हणीचे लक्ष नाही; खालच्या दरीत राहणाऱ्याला मात्र त्या मातीशीच गाठ असते. १९२८ च्या तालका भूकंपात असा गाळ अडवणारा बाराओना येथील बांध फुटला आणि पन्नासहून अधिक माणसे त्याखाली गेली.

तरीही या तांब्याला उंदीर म्हणावे का, हा प्रश्न राहतो. सबंध देशाचा संसार बराच काळ तांब्यावर चालला. ११ जुलै १९७१ रोजी चिलीच्या संसदेने तांब्याच्या मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण केले, तेही एकमताने. एरवी त्या संसदेत एकमत दुर्मीळ होते. देशाच्या बाजूने पाहिले तर म्हण चुकते. सेवेलच्या बाजूने पाहिले तर आधी आकडे येतात. ऑगस्ट १९४४ मध्ये हिमकडा वस्तीवर कोसळला आणि शंभरहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १९ जून १९४५ रोजी, खाणीच्या तोंडाजवळ तेलाच्या पिंपांना आग लागली. ज्वाळा आत पोचल्या नाहीत, धूर पोचला. बोगद्यांत ३५५ कामगार गुदमरून मेले. चिलीत ती दुर्घटना आजही नुसती ‘धूर’ या शब्दाने ओळखली जाते. त्यानंतर खाणींच्या सुरक्षिततेकडे देशाने गांभीर्याने पाहिले. यातला कोणता भाग डोंगर आणि कोणता उंदीर, हे लावू गेले की म्हण हातात तुटते.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कुटुंबांना खाली रांकाग्वात हलवायला सुरुवात झाली. खाणीपर्यंत मोटाररस्ता झाला होता; कामगार खाली राहून बसने कामावर जाऊ शकत होते आणि वर गाव पोसणे महाग पडत होते. खाली सपाट जमीन मिळाली, स्वतःचे घर मिळाले. जगण्याच्या कोणत्याही मोजमापाने हे बरेच झाले. पण त्या पायऱ्यांवर वाढलेली माणसे आजही स्वतःला सेवेलचे म्हणवतात आणि खास दिवशी वर येऊन आपल्या इमारती पाहतात. सामाईक न्हाणीघर, बर्फ, दारूबंदी आणि कंपनीची शिस्त यांतले नेमके काय त्यांना बोलावते? जवळ राहणे, असे उत्तर चटकन सुचते. ते खरेही असेल. पण ती जवळीक जागेच्या टंचाईने लादलेली होती, आणि लादलेल्या गोष्टीचीही ओढ लागत असेल तर ती ओढ म्हणजे त्या जगण्याच्या बाजूचा पुरावा मानावा की नाही, हे इथे सुटत नाही.

रिकाम्या इमारती पाडायला पुढे सुरुवात झाली आणि बऱ्याच पाडल्याही गेल्या. १९९८ मध्ये चिलीने उरलेले गाव राष्ट्रीय स्मारक ठरवले. २००६ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. ज्या खाणीसाठी हे गाव वसवले होते ती मात्र बंद पडलेली नाही. एल तेनिएंते आज जगातल्या सर्वांत मोठ्या भूमिगत तांब्याच्या खाणींपैकी एक आहे, तिच्या बोगद्यांची एकूण लांबी ३,००० किलोमीटरहून अधिक भरते आणि ती सरकारी कोडेल्को कंपनी चालवते. सेवेलला जाणारा रस्ता याच चालू खाणीच्या हद्दीतून जातो. त्यामुळे तिथे स्वतःची गाडी घेऊन जाता येत नाही. मार्गदर्शकासह ठरलेल्या सहलीनेच जावे लागते.