निळूभाऊंचा पाटील

उरुसाच्या दिवसांत गावाबाहेरच्या पडीक रानात सिनेमाचा तंबू लागायचा. पोस्टर चिकटवलेली गाडी दुपारपासून कर्णा लावून वाड्यावस्त्यांवर फिरायची आणि रात्री भाकरतुकडा उरकून, पोरं काखोटीला मारून, बसायला पोतं घेऊन माणसं निघायची. मध्ये दोरी. एका अंगाला बाप्ये, दुसऱ्या अंगाला बाया. रीळ बदलायला मशीन थांबलं की शिट्ट्यांचा नुसता गदारोळ. पण धोतराचा सोगा सावरत पडद्यावर निळू फुले आले, की तंबू चिडीचूप व्हायचा. मग बायांच्या बाजूनं कडाकडा बोटं मोडल्याचं ऐकू यायचं. एखादी म्हातारी ‘मुडदा बशिवला त्याचा’ म्हणायची, ते अगदी मनापासून. नटाला याहून मोठी पावती कुठली?

आता तेच निळूभाऊ मोबाइलवर स्टिकर होऊन येतात. वाड्यावर बोलावणारं ते एक वाक्य आणि तो घोगरा, रेंगाळता आवाज, एवढ्यावर शाळकरी पोरंसुद्धा नक्कल करतात आणि सगळे पोट धरून हसतात. नक्कल हुबेहूब असते, पण ऐकून माझ्या जिवाला लागतं. तंबूतल्या त्या बायांना वाटायची ती भीती सिनेमातली नव्हती. असला माणूस त्यांच्या गावात खराखुरा होता.

निळूभाऊंनाही तो ठाऊक होता. 1930चा जन्म, गरिबीतलं बालपण. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करायचे आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून गावोगाव फिरायचे. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या शंकर पाटलांच्या लोकनाट्यानं त्यांचं नाव झालं. वगात नटाला लिहिलेलं पाठ करून भागत नाही. समोरचं पब्लिक कुठं हसतंय, कुठं चुळबुळतंय, हे बघत वाक्य ताणायचं, सोडायचं, मध्येच थांबायचं. ते थांबणं त्यांच्या अंगात मुरलं. अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’नं 1968 साली त्यांना पडद्यावर आणलं, तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. तोवरची भटकंती वाया गेली नव्हती.

‘सामना’ आजही काढून बघा. 1975 सालचा, विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील एका दारुड्या मास्तराला आपल्या बंगल्यात ठेवून घेतो. मास्तर म्हणजे श्रीराम लागू. पाटील आदबशीर बोलतो, पाहुणचार करतो, दारूही पाजतो. गावातून नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल मास्तर एकच विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नासमोरचे निळूभाऊ बघावेत. आरडाओरडा नाही, डोळे वटारणं नाही. गावच ज्याच्या शब्दावर चालतं त्याला आवाज चढवायची गरज काय! आजच्या मालिकांमध्ये खलपुरुष एकदा बघतो तर कॅमेरा त्याच्याकडे तीनदा बघतो, वर ढोल वाजतात. नट कमी आहेत असं मी म्हणणार नाही. जरा थांबून बघायला त्यांना कुणी वेळच देत नाही. आणि ग्रामपंचायत, सोसायटी, कारखाना यांतली गोम माहीत असलेले शंकर पाटलांसारखे लिहिणारेही पाठीशी लागतात.

रंगभूमीवर ते तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर झाले. ते नाटक 1972 साली आलं, सेन्सॉरनं अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात लढले. ‘सिंहासन’ सिनेमातला त्यांचा दिगू टिपणीस तर पाटलाच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. सत्तेच्या आसपास वावरणारा, सगळं दिसणारा आणि काहीच करू न शकणारा पत्रकार. ज्या माणसानं सत्तेचा माज दाखवला त्यानंच तो बघून हताश झालेला माणूसही उभा केला. हिंदीवाल्यांना मात्र त्यांच्यात मुख्यतः वाईट माणूसच दिसला. ‘सारांश’मधला गजानन चित्रे हा मुंबईचा पुढारी, तरी रक्त त्याच पाटलाचं.

पडदा उतरला की हा माणूस बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीत असायचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर असायचा. डॉ. लागू आणि ते अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत फिरले, ते सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून. त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. ज्यांच्या कष्टावर पडद्यावरचा पाटील डल्ला मारायचा, त्यांच्यासाठी झटणाऱ्यांच्या घरची चूल पेटावी म्हणून पडद्याबाहेरचे निळूभाऊ उतारवयात नाटकाचे दौरे करत होते. 2009च्या जुलैत ते गेले.

घरात कुणी पोर त्यांची नक्कल करून दाखवील तेव्हा त्याला रागावू नका. पाठ थोपटा, आणि त्याच रात्री त्याला शेजारी बसवून ‘सामना’ लावा.