शुक्रासाठी उभारलेला मंच

फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आधी आनंदीबाई जोशी आठवतात. १८८६च्या मार्चमध्ये त्यांना एम.डी.ची पदवी मिळाली ती याच शहरात. मीही त्यांच्याच ओढीने आले होते. पण पहिल्याच सकाळी भाचीने मला इंडिपेंडन्स हॉल बघायला नेलं, आणि तिथल्या पश्चिमेकडच्या दालनात एका काचेच्या पेटीपुढे मी थबकले.

पेटीत चांदीचा दौतसंच आहे. एक तबक, त्यावर शाईची दौत, पिसांचे टाक खोचायचं भोकाभोकांचं भांडं आणि लिहिलेल्या कागदावर पूड भुरभुरायची डबी. १७५२ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी तो फिलिप सिंग नावाच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने घडवला. १७७६चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ची राज्यघटना, दोन्हींवरच्या सह्या याच दौतीतल्या शाईने झाल्या, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

हा सिंग बेंजामिन फ्रँकलिनचा मित्र, आणि त्याच्या विजेच्या प्रयोगांतला भागीदारही. त्या काळी काचेची नळी हाताने घासून वीज निर्माण करावी लागे. घासणारा घामाघूम होई. सिंगने काचेचा गोळा लोखंडी आसावर बसवून त्याला मूठ जोडली. धारवाल्याच्या चाकासारखी ती फिरवली की काम भागे. फ्रँकलिनने आपल्या पत्रात या यंत्राचं श्रेय सिंगच्या नावानिशी दिलं आहे. शाळेत आपण विजेचे धन आणि ऋण असे भाग शिकतो, ती भाषा याच मित्रमंडळातून निघाली. राज्यघटनेची दौत आणि विजेचं यंत्र एकाच माणसाच्या हातचं आहे, हे कळल्यावर मला त्या पेटीपुढून हलवेना.

"मावशी, अजून बाहेरचा चौक राहिलाय," भाची म्हणाली.

हॉलच्या मागे झाडांचा मोठा चौक आहे. ऑक्टोबर होता, फरसबंदीवर पिवळी पानं साचली होती, शाळेच्या मुलांची एक रांग ती पायांनी उडवत चालली होती. २५० वर्षांपूर्वी इथे एक लाकडी मंच होता. आज त्याची फळीसुद्धा उरलेली नाही. पण या शहरात मला सगळ्यात मोलाची वाटली ती हीच नसलेली वस्तू.

३ जून १७६९ रोजी शुक्र सूर्यबिंबावरून सरकणार होता. पृथ्वीवर दूरदूरच्या ठिकाणांहून त्याच्या वेळा नेमक्या टिपल्या, तर सूर्य आपल्यापासून किती लांब आहे याचं गणित मांडता येणार होतं. म्हणून जगभर दुर्बिणी रोखल्या गेल्या. फ्रँकलिनने १७४३मध्ये ज्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीची कल्पना मांडली होती, तिने या चौकात निरीक्षणासाठी मंच उभारला. त्याच दुपारी वीसेक मैलांवर, नॉरिटनच्या शेतावर, डेव्हिड रिटनहाउस स्वतः बनवलेली उपकरणं घेऊन बसला होता. तो घड्याळजी, शाळेचं शिक्षण नावापुरतंच. शुक्राची कड सूर्याला टेकताना पाहून तो भावनेच्या भरात काही क्षण बेशुद्ध झाला, असं सांगतात. पुढे हाच रिटनहाउस पेनसिल्व्हेनियाचा खजिनदार झाला आणि देशाच्या टांकसाळीचा पहिला संचालकही.

मंच तसाच उभा राहिला. ८ जुलै १७७६ला दुपारी कर्नल जॉन निक्सन त्यावर चढला आणि जमलेल्या लोकांना त्याने स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचून दाखवला. राजाची सत्ता का नाकारली, याची कारणं त्यात एकेक करून मांडली होती. सात वर्षांपूर्वी ज्या फळ्यांवरून ग्रहाच्या वेळा टिपल्या, त्याच फळ्यांवर उभं राहून आता राजाच्या कारभाराचा हिशेब लोकांसमोर ठेवला गेला. मला यात योगायोग वाटत नाही. दोन्हीकडे काही माणसंही तीच होती आणि सवयही तीच: म्हणणं मांडायचं, त्याचा पुरावा चारचौघांत ठेवायचा.

चौकाच्या कडेला त्या सोसायटीची विटांची इमारत आजही आहे. १७८९मध्ये ती बांधून पूर्ण झाली. थॉमस जेफरसन देशाचा राष्ट्राध्यक्ष असताना या सोसायटीचाही अध्यक्ष होता.

राज्यघटना ठरली ते हॉलमधलं सभागृह छोटं आहे. हिरव्या कापडाची टेबलं, उंच खिडक्या. १७८७च्या उन्हाळ्यात इथली चर्चा बाहेर फुटू नये म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवत. फ्रँकलिन तेव्हा ८१ वर्षांचा होता. शेवटच्या दिवशी, १७ सप्टेंबरला, त्याने भाषण लिहून आणलं. अंगात त्राण नव्हतं, म्हणून ते जेम्स विल्सनने वाचलं. मसुद्यातल्या काही गोष्टी आपल्याला पटत नाहीत, असं त्यात त्याने आधीच कबूल केलं होतं. पण आयुष्यात कितीदा तरी नवी माहिती मिळाल्यावर स्वतःचं ठाम मत आपल्याला बदलावं लागलं, म्हणून आपल्याच मताला चिकटून न राहता सही करतो, असं त्याचं म्हणणं. आयुष्यभर प्रयोग केलेल्या माणसाचं हे बोलणं आहे.

त्याच्या मतांतला सगळ्यात अवघड बदल मात्र त्या सभागृहात झाला नाही. फ्रँकलिनच्या घरात गुलाम होते, त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापून येत. १७६३मध्ये तो इथल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत गेला, मुलांना शिकताना पाहिलं, आणि या मुलांच्या बुद्धीविषयी आपलं मत आता पुष्कळ उंचावलं, असं त्याने पत्रात लिहिलं. त्यानंतरही त्याला वीसहून अधिक वर्षं लागली, आणि ही दिरंगाई मला माफ करता येत नाही. अखेर तो गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला; फेब्रुवारी १७९०मध्ये त्याच्या सहीचा अर्ज काँग्रेसपुढे गेला. काँग्रेसने काही केलं नाही. एप्रिलमध्ये तो वारला.

पण त्याच्या हातचा आणखी एक कागद आपल्यापर्यंत पोचला आहे. १७७४मध्ये लंडनमध्ये त्याने थॉमस पेन नावाच्या, नोकरी गेलेल्या इंग्रजाला शिफारसपत्र दिलं. ते घेऊन पेन फिलाडेल्फियात आला. पुढे त्याने 'राइट्स ऑफ मॅन' लिहिलं, आणि १८४७मध्ये ते पुण्यात वीस वर्षांच्या जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका जोतीरावांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना लिहिली, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं.

त्या दास्याचीच एक जागा बघायला आम्ही संध्याकाळी सहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर गेलो. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन इथे राहायचे ते घर पाडलं गेलं. जागेवर विटांच्या भिंती उभारून खोल्यांचा आराखडा दाखवला आहे. पेनसिल्व्हेनियात १७८०चा कायदा होता: बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राहिला की तो सुटकेचा हक्क मागू शकतो. म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर फिरवून आणत. १७९६च्या मे महिन्यात घरचे जेवायला बसले असताना त्या गुलामांतली ओनी जज नावाची तरुणी दारातून बाहेर पडली ती परत आलीच नाही. तिला पकडून आणायचे प्रयत्न झाले. ती न्यू हॅम्पशायरमध्ये म्हातारी होऊन वारली.

दगडी भिंतीवर या घरातल्या गुलामांची नऊ नावं कोरली आहेत. उजेड कमी झाला होता, म्हणून भाचीने अक्षरांवरून बोट फिरवत ती मोठ्याने वाचली. ऑस्टिन. पॅरिस. हर्क्युलिस. ख्रिस्तोफर शील्स. रिचमंड. जाइल्स. मॉल. जो. ओनी जज.