घड्याळाची पाठ वाचताना

१/ जुनी वैमानिकी क्रोनोग्राफ घड्याळे जमवणारे बहुतेक जण आधी तबकडी पाहतात. मी आधी घड्याळ उलटे करून पाहते. पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या विद्यावेतनात असे घड्याळ विकत घेणे शक्य नाही. म्हणून लिलावांच्या सूचीपत्रांतील छायाचित्रे पाहून घड्याळांच्या पाठीवरचा कोरीव मजकूर मी वहीत उतरवून ठेवते. हा थ्रेड त्या वहीतील एका घराण्याविषयी : फ्रेंच लष्कराचे ‘टाइप २०’.

२/ क्रोनोग्राफ म्हणजे नेहमीचे घड्याळ आणि स्टॉपवॉच एकाच पेटीत. साध्या क्रोनोग्राफमध्ये नवी मोजणी करायची तर थांबवा, शून्यावर आणा, पुन्हा सुरू करा : तीन वेळा कळ दाबावी लागते. टाइप २० मध्ये एकदाच दाबली की काटा शून्यावर येतो आणि त्याच क्षणी पुन्हा धावू लागतो. या सोयीला ‘फ्लायबॅक’ म्हणतात.

३/ ही चैन नव्हती. ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने, ठरलेला वेळ उडायचे आणि मग वळायचे, अशा रीतीने मार्ग काढणाऱ्या वैमानिकाला प्रत्येक वळणावर नवी मोजणी हवी असे. काही सेकंदांची चूक वेगवान विमानात किलोमीटरभराची होते.

४/ १९५० च्या दशकाच्या आरंभी फ्रेंच संरक्षण खात्याने या घड्याळासाठी अटी ठरवल्या : काळी तबकडी, फ्लायबॅक, आणि दिवसाकाठी ८ सेकंदांहून अधिक फरक नको. ब्रेगे, व्हिक्सा, ओरिकोस्त, डोडान अशा अनेक नावांनी ही घड्याळे पुरवली गेली.

५/ त्यांतील व्हिक्साच्या पोटात मात्र हॅनहार्ट या जर्मन कंपनीची यंत्ररचना होती. दुसऱ्या महायुद्धात याच कंपनीचे क्रोनोग्राफ जर्मन वैमानिकांच्या मनगटावर होते. दहा-बारा वर्षांत तीच रचना कालच्या शत्रूच्या हातावर टिकटिकू लागली. तहाच्या कलमांत न सापडणारा इतिहास असा स्क्रू काढल्यावर सापडतो.

६/ आता पाठ. तेथे अनेकदा ‘एफ. जी.’ ही अक्षरे आणि पुढे तारीख दिसते. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘हमीचा शेवट’. दुरुस्ती झाली की हमीची नवी तारीख कोरली जाई. काही पाठींवर अशा तीन-चार तारखा एकीखाली एक आहेत. सरकारी दप्तराचे पानच जणू पोलादावर उतरले आहे.

७/ पुण्यातील एका संग्राहक काकांकडे मला असे एक घड्याळ हातात घेता आले. कोणा पूर्वीच्या मालकाने ते चकचकीत करून घेतले होते. तारखा केवळ तिरप्या उजेडात पुसट दिसत. काका म्हणाले, “किंमत गेली याची.” मला वाटले, किंमतीबरोबर साक्षही गेली.

८/ परंतु ती साक्ष कशाची? वहीतील अनेक तारखा १९५४ ते १९६२ या काळातील आहेत. ही अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाची वर्षे. फ्रेंच विमाने तेव्हा त्या डोंगरांवर आणि गावांवर बाँब टाकत होती. यांपैकी कोणते घड्याळ तेथे होते, हे पाठ सांगत नाही. दुरुस्तीची तारीख असते, उड्डाणाची नसते. संग्राहकांच्या गप्पांत ‘उड्डाणाचे अद्भुत’ खूप असते, अल्जीरिया क्वचितच. वसाहतीच्या अमलाखाली राहिलेल्या देशात वाढलेल्या मला ही गाळलेली जागा ओलांडून पुढे जाता येत नाही. या घड्याळांची ओढ कमी झालेली नाही. पण वहीत आता एक रकाना वाढला आहे : ‘त्या वर्षी ते दल कोठे लढत होते?’

९/ आपल्या घरी आजोबांचे जुने घड्याळ असेल, तर पॉलिश करण्याआधी पाठीचे छायाचित्र तिरप्या उजेडात काढून ठेवा. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांवर रेडियम असू शकते. चमक विझली तरी किरणोत्सर्ग शेकडो वर्षे उरतो, म्हणून काच स्वतः उघडू नका. आणि पाठीवर काही कोरलेले आढळले, तर येथे जरूर लिहा. मिळून वाचू.