मागच्या सीटवरची मी



मानवतहून जिंतूरजवळच्या नेमगिरीला आम्ही दोघं मोटारसायकलवरच जातो. मागच्या खेपेला पोहोचेपर्यंत कंबर अशी धरली, की १०८ मण्यांची एक माळही बसून पूर्ण होईना. मन णमोकारात नव्हतं, कंबरेत होतं.

सीट बदलायचं ठरलं. यांना चामड्याची आवडली. मी म्हटलं, "अहो, तीर्थाला चामड्यावर बसून जायचं?" मग रेक्झिन घेतलं. नुसता मऊ फोम हाताला छान लागतो, पण तासाभरात दबतो आणि हाडं टेकतात. म्हणून खाली घट्ट फोम, वर मऊ पातळ थर. मागची बाजू सपाट करून घेतली, नाहीतर ब्रेक लागला की मी पुढे घसरते. साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून बसून पाहिलं, मगच पैसे दिले. इतकी वर्षं मागे बसणारीला कुणी विचारलं नव्हतं. मीही कधी बोलले नव्हते.

कायक्लेश हे तप आहे, पण समजून स्वीकारलेलं. न बोलता सोसलेली कंबर म्हणजे तप नव्हे.

यावेळी माळ पूर्ण झाली, आणि सूर्यास्ताआधी घरी येऊन जेवणही.