रनवेला जागा कोण देतं?

सिंगापूर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? सेंटोसा, मरीना बे, मुस्तफामधलं शॉपिंग आणि चांगी एअरपोर्टवरचे फोटो! माझ्या पहिल्या सिंगापूर ट्रिपमध्ये यातलं फारसं काही नव्हतं. होता तो एक एअर बेस. आणि त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही, कारण मोबाइल आणि कॅमेरे गेटवरच जमा झाले होते.

गोष्ट २०१२ ची. कॉलेजात मी एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. दिल्लीच्या रिपब्लिक डे कॅम्पमधून काही कॅडेट्सची परदेश दौऱ्यासाठी निवड होते. यूथ एक्स्चेंज प्रोग्रॅम म्हणतात त्याला. म्हणजे आपली मुलं तिकडे आणि तिकडची मुलं इकडे. माझ्या वाट्याला सिंगापूर आलं. आईने बॅगेत दाण्याची चटणी आणि चिवडा कोंबला आणि आम्ही निघालो.

त्या दिवशीचा मुक्काम होता पाया लेबार एअर बेस. सकाळचे आठच वाजले होते, पण युनिफॉर्म पाठीला चिकटला होता. सिंगापूरची हवा म्हणजे वर्षभर मुंबईचा मे महिना! आमच्या प्रत्येकाला तिथल्या एनसीसीतला एक 'बडी' मिळाला होता. माझा बडी सोळा वर्षांचा, माझ्यापेक्षा चांगला तीन वर्षांनी लहान. कारण तिथे एनसीसी शाळेतच असते. उंचीने माझ्या खांद्याला लागत होता, पण सॅल्यूट असा कडक, की मीच सावरून उभा राहिलो.

पाया लेबार हा एके काळी सिंगापूरचा मुख्य इंटरनॅशनल एअरपोर्ट होता. १९५५ मध्ये सुरू झाला. १९८१ मध्ये चांगी उघडलं, प्रवासी तिकडे गेले आणि पाया लेबार हवाई दलाकडे राहिलं. जुना कंट्रोल टॉवर मात्र तिथेच उभा होता. पुण्याच्या माणसाला यात गंमत वाटते. आपल्याकडे लोहगावला हवाई दल आणि प्रवासी विमानं आजही एकच रनवे वाटून घेतात!

हर्क्युलिस या भल्यामोठ्या मालवाहू विमानात आम्हाला बसवलं. आत खिडक्या जवळपास नाहीतच, सीट म्हणजे जाळीच्या पट्ट्या. माहिती देणारा सैनिक आमच्याच वयाचा होता. मी विचारलं, "एअर फोर्स का जॉइन केलंस?" तो हसला. "जॉइन कुठे केलं? नंबर लागला!" तिथे १९६७ पासून सक्तीची लष्करी सेवा आहे. मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं युनिफॉर्म. डॉक्टरचा मुलगा असो नाहीतर टॅक्सीवाल्याचा.

मग कँटीनमध्ये काया टोस्ट आला. नारळाच्या दुधाचा गोड, हिरवट जॅम. आमच्यातला एक पक्का शाकाहारी गडी दुसरा टोस्ट उचलत होता, तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की यात अंडंही असतं. त्याचा चेहरा अजून आठवतो!

त्याच टेबलावर बडीने मला विचारलं, "तुमच्याकडे सक्ती नाही ना? मग तू हे का करतोस?"

मी म्हटलं, "आवड." मनात मात्र बरंच काही आलं. 'सी' सर्टिफिकेटचा फायदा, परेडनंतरचा वडापाव, मुलींसमोर युनिफॉर्ममध्ये मिरवणं... आणि या सगळ्याखाली खरंच पायलट व्हायचं स्वप्न. हे शेवटचं काही मी त्याला सांगितलं नाही.

तो म्हणाला, "आमचा देश लहान आहे. विमानाने टेक-ऑफ घेतलं की लगेच दुसऱ्याचं आकाश सुरू होतं." हे शब्दशः खरं आहे. बृहन्मुंबईपेक्षा थोडासाच मोठा देश. म्हणून त्यांचे पायलट फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलियात ट्रेनिंग घेतात. आणि २००७ च्या करारानंतर ते आपल्या पश्चिम बंगालमधल्या कलाईकुंडा बेसवरही सरावाला येत राहिले. म्हणजे त्यांच्या विमानांना आपण आकाश उसनं दिलं होतं!

पुढे काय झालं? मी निवड मंडळासमोर दोनदा गेलो, दोनदा परत आलो. आता विमाननगरच्या एका ऑफिसात बसतो. बडीशी फेसबुकवरची मैत्री टिकली. मध्यंतरी ऑफिसच्या कामानिमित्त सिंगापूरला गेलो, तेव्हा एका रविवारी तो गाडी घेऊन आला. दोन वर्षांची सेवा कधीच संपलेली, आता बँकेत नोकरी, थोडं पोट सुटलेलं. म्हणाला, "तुला आमचा दुसरा रनवे दाखवतो."

शहराच्या पश्चिमेला तासभर गेल्यावर लिम चू कांग रोड लागला. साधा सरळसोट रस्ता, बाजूला तेंगा एअर बेस. १९८६ पासून हवाई दलाने अधूनमधून याच रस्त्याचा रनवे बनवला होता. दिव्याचे खांब, बसस्टॉप, पाट्या, सगळं उचलायचं, रस्ता झाडून काढायचा आणि त्यावर लढाऊ विमानं उतरवायची. २०१६ च्या सरावात अशी अडीच किलोमीटरची धावपट्टी तयार केली होती. बसस्टॉपच्या जागी एफ-सोळा. विचार करा!

मी ते ऐकून उड्या मारत होतो. बडी मात्र गाडी हळू करून एका बाजूला बघत होता. तिकडे चोआ चू कांगची दफनभूमी. पाया लेबारचा बेस २०३० च्या दशकात बंद होणार आहे आणि तिथे, आसपासच्या भागासह, सुमारे दीड लाख घरं बांधता येतील असं सरकारने सांगितलंय. त्यासाठी तेंगा वाढवायचा. आणि तेंगा वाढवायला दफनभूमीतली जागा हवी. २०१७ मध्ये जाहीर झालं की, ८० हजारांहून जास्त कबरी हलवणार.

"त्यात आजोबा होते," तो म्हणाला. "आता त्यांच्या अस्थी एका कोनाड्यात आहेत. आजी जाऊन बघून आली. म्हणाली, जागा लहान आहे, पण कोरडी आहे."

मला काय बोलावं ते सुचेना. "राग आला?" एवढंच विचारलं.

"बाबांना आला. मी दोन वर्षं याच विमानांची राखण केली, मी कुणावर रागावू?" थोड्या वेळाने म्हणाला, "जागा कुणाला तरी द्यावीच लागते."

परतताना त्याने तोच जुना प्रश्न काढला. "तू का करत होतास, खरं सांग." यावेळी सांगितलं. पायलट व्हायचं होतं, झालो नाही. तो म्हणाला, "मला व्हायचं नव्हतं, तरी दोन वर्षं दिली." आम्ही दोघंही हसलो, पण फार वेळ नाही.

आता आमच्या ऑफिसवरून सुखोई गेलं की कॉन्फरन्स कॉल थांबतो. सगळे वैतागून छताकडे बघतात. मीही बघतो, आणि सवयीने खुर्चीत ताठ बसतो. लोहगावच्या रनवेखालीही कधीतरी कुणाचं शेत असणारच. कुणाचं, ते मी आजवर कधी विचारलेलं नाही.